पावसानंतर ट्रॅक दाबायला स्वतःची रेसची गाडी न्यावी का?

पिटातला_भाऊ

आम्ही दोघं भाऊ मिळून स्पीडवेच्या सेडान वर्गात एक गाडी पळवतो. धाकटा चालवतो, मी पान्यापाशी. मातीचा अंडाकृती ट्रॅक, कायम डावीकडे वळायचं.

शनिवारी दुसऱ्या हीटमध्ये (फायनलआधीच्या छोट्या शर्यतीत) तो सहाव्यावरून तिसरा आला. मी इतका खूश होतो की आभाळ भरून आलंय हे पाहिलंच नाही. दहा मिनिटांची सर आली, पण ट्रॅकवर साबण फासल्यासारखं झालं आणि उरलेल्या हीट रविवारवर गेल्या.

रविवारी सकाळी ऊन पडलं. आयोजकांनी सांगितलं, ज्यांना जमेल त्यांनी गाड्या आणून ट्रॅक दाबू लागा, म्हणजे हळू फेऱ्या मारून चाकांनी ओली माती घट्ट करा. आम्ही लगेच गेलो, वीस मिनिटं पहिल्या गिअरमध्ये फिरलो. बाहेर आलो तेव्हा रेडिएटर चिखलानं लिंपून निघाला होता, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं. फायनल सुरू झाली तेव्हा भाऊ गाडीशेजारी गुडघ्यावर बसून काठीनं चिखल खरवडत होता. ते बघून फार वाईट वाटलं.

दोन प्रश्न आहेत. जायला हवं होतं का? आणि फायनल पळालेले सांगत होते की दुपारी ट्रॅक डिंकासारखा धरत होता नि संध्याकाळी काचेसारखा झाला. आमचं शनिवारचं सेटिंग तिथं चाललं असतं का?

रोलरवाला

मी बरीच वर्षं ट्रॅकच्या देखभालीत आहे, म्हणून आधी माती सांगतो. चिकणमाती घट्ट दाबलेली असेल तर पाणी आत शिरत नाही, वळणाच्या उतारावरून खाली मैदानात जातं. त्यामुळे ढग दिसले की आम्ही धावपळ करून वरचा थर रोलरनं गुळगुळीत करतो. खरवडलेल्या, मोकळ्या मातीवर सर पडली तर ती पाणी पिते आणि मग दिवस गेला.

सर थांबल्यावर वर पातळ गारा उरतो. चाकं तो बाजूला सारतात, खालचा थर दाबतात, वारा नि ऊन उरलेलं काम करतात. सुरुवात जिथं चाक रुतत नाही तिथूनच करायची आणि हळूहळू पट्टा रुंद करायचा. ओल जास्त असताना घाई केली तर चाकोऱ्या पडतात, त्या दिवसभर जात नाहीत.

या कामाला जड पिकअप, झिजलेल्या टायरच्या जुन्या गाड्या लागतात. रेसची गाडी शेवटी, माती चिकट झाल्यावर. सुरुवातीच्या गाऱ्यात तुम्हाला आत घ्यायलाच नको होतं, ही चूक आमच्या बाजूची समजा. आणि गेलातच तर रेडिएटरपुढे बारीक जाळी लावा, चार-पाच फेऱ्यांनी बाहेर या, जाळी झटका, रिमच्या आतली माती काढा. तिथं गोळा राहिला की वेगात गाडी थरथरते आणि लोक सस्पेन्शन खोलून बसतात.

डावं_वळण

सेटिंगबद्दल. मागचा डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) लॉक असेल तर दोन्ही मागची चाकं सारखीच फिरतात. म्हणून उजव्या टायरचा घेर मोठा ठेवतो, गाडी आपसूक डावीकडे वळते. हा फरक म्हणजे स्टॅगर. दुपारी चिकट मातीत गाडी सरळ जायला बघते, तिथं जास्त स्टॅगर कामी येतो. संध्याकाळी वरचा ओलावा उडाला, चाकांनी घासून माती चकचकीत झाली की तोच स्टॅगर वळणातून बाहेर पडताना मागचं टोक सैल करतो; तेव्हा कमी करायचा आणि गॅस हळू द्यायचा. शनिवारचं सेटिंग दुपारी चाललं असतं, फायनलला नाही. तुमचा स्टॅगर किती होता?

जाळीची_काच

एकाच वीकएंडला चिखल आणि धूळ दोन्ही मोठ्यांनाही चुकत नाहीत. २०२१ च्या मार्चमध्ये नॅस्कार या अमेरिकेतल्या मोठ्या रेसिंग संस्थेनं तिथल्या ब्रिस्टल ट्रॅकच्या काँक्रीटवर माती टाकून रेस ठेवली होती. शनिवारी पिकअप ट्रकच्या वर्गातल्या पहिल्या हीटमध्ये एका फेरीतच विंडशील्ड चिखलानं बंद झाल्या, हीट थांबवावी लागली. रविवार पाण्यात गेला. सोमवारी रेस झाली तर इतकी धूळ उडाली की पुढचे रीस्टार्ट (रेस थांबल्यावर पुन्हा सुरू करणं) दोनऐवजी एका रांगेत घ्यावे लागले. आपल्याकडे काचेऐवजी जाळी असते म्हणून निदान चालक हेल्मेटच्या व्हायजरवरची माखलेली फिल्म ओढून पुढे बघू शकतो. त्या फिल्म भावाला भरपूर लावून द्या, पावसाच्या दिवशी नेहमीच्या दुप्पट.

पिटातला_भाऊ

सगळ्यांचे मनापासून आभार. रोलरवाला, तुम्ही चूक स्वतःकडे घेतलीत, पण जायचं की नाही हे मीच ठरवलं होतं. पुढच्या वेळी मदतीला नक्की येईन, फक्त ट्रेलर ओढतो ती पिकअप घेऊन. ट्रॅक कुणीतरी दाबायलाच हवा, नाहीतर सगळ्यांनाच न पळता घरी जावं लागेल.

डावं_वळण, तुमचं वाचून आत्ता टेप घेऊन गेलो. शनिवारी सकाळी अडीच इंच होता, आज सव्वा इंच निघाला. उजव्या मागच्या टायरच्या कडेत आणि रिममध्ये चिखलासकट एक खडा अडकलाय, तिथून हवा उतरलीय. हेड सपाट आहे का ते तपासायला दिलंय. टायर उद्या उतरवतो आणि कड फाटलीय का ते इथंच लिहितो.