मंडळाच्या साइटवर चर्चापीठ हवं, आणि ते वर्डप्रेसच्या आतच हवं

रामबागकर (धागाकर्ता)

आपल्या इंदूरच्या मंडळाची साइट वर्डप्रेसवर (साइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर) आहे. गणेशोत्सवाच्या सूचना, झांक्यांचे (मिरवणुकीतल्या देखाव्यांचे) फोटो, पाककृती, लेख. लेखाखाली जे बोलणं होतं ते मात्र लेखाबरोबर खाली सरकत जातं. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवरच्या लेखाखाली कुणी हुकुमचंद मिलच्या झांकीची मोलाची आठवण लिहितं, पुढच्या वर्षी नवा लेख येतो आणि ती आठवण जुन्या प्रतिक्रियांच्या तळाशी पडून राहते. वाचकाला स्वतःहून विषय काढता येत नाही, ही मूळ अडचण आहे.

म्हणून माझं मत: चर्चापीठ (फोरम, जिथे वाचकही विषय काढू शकतो) हवं, आणि ते बीबीप्रेस वापरून साइटच्या आतच उभं करावं. २०११ साली २.० आवृत्तीपासून बीबीप्रेस हे वर्डप्रेसचं प्लगइन (वरून जोडायचा भाग) झालं, आणि वर्डप्रेसचं स्वतःचं मदतीचं चर्चापीठही त्यावरच चालतं. विभाग, धागा आणि प्रतिसाद हे तिन्ही डेटाबेसमधल्या लेखांच्याच टेबलात बसतात. सदस्यांची यादी एक, लॉगिन एक, बॅकअप एक.

आधी पूर्ण बॅकअप घ्यायचा आणि सगळा प्रयोग साइटच्या प्रतीवर करायचा. प्लगइन सुरू केलं की सेटिंगमधल्या परमालिंकच्या (दुव्यांच्या रचनेच्या) पानावर जाऊन काहीही न बदलता 'सेव्ह' दाबायचं, नाहीतर चर्चापीठाच्या पानांवर ४०४ ('पान सापडलं नाही') दिसतो आणि लोक उगाच प्लगइनला दोष देतात. निनावी लेखन बंद. नव्या सदस्याला आपोआप 'पार्टिसिपंट' (साधा सहभागी) ही भूमिका. दोन लेखनांत १० सेकंदांचं अंतर असतं, ते राहू द्यावं. संपादनाला मूळची ५ मिनिटं मिळतात, ती ३० करावीत, कारण मोबाइलवर देवनागरी लिहिताना चुका प्रतिसाद पाठवल्यावरच डोळ्यात भरतात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दुवे. देवनागरी शीर्षकाचा दुवा टक्केचिन्हांत रूपांतरित होतो. एका अक्षरचिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्केचिन्ह आणि दोन अक्षरं, म्हणजे दुव्यात नऊ जागा, आणि दुवा साठवणाऱ्या रकान्यात एकूण जागा २००. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे बावीस चिन्हांत दुवा भरतो. 'अनंत चतुर्दशीच्या झांक्या' एवढं साधं शीर्षक घेतलं तरी शेवटचा काना तुटून 'झांक्य' उरतं. व्हॉट्सॲपवर पाठवला तर टक्क्यांची चार ओळींची माळ दिसते. धाग्याचा दुवा शीर्षकाऐवजी क्रमांकावरून तयार करणारा छोटा फिल्टर (कोडचा तुकडा) पहिल्याच दिवशी लावावा. शंभर धागे झाल्यावर बदलायला गेलं तर सगळीकडे वाटलेले जुने दुवे सांभाळावे लागतात.

विभाग तीनच: झांक्या आणि गेर (रंगपंचमीची मिरवणूक), इंदुरी मराठी शब्द, मंडळाचं कामकाज.

सराफा_रात्री

भिया, याला माझा विरोध आहे, आणि तो तांत्रिक नाही. चर्चापीठ हे हॉल बांधण्यासारखं आहे. बांधणं सोपं, रोज झाडणं कठीण. ब्लॉगवर महिनाभर नवा लेख नसला तरी तो ब्लॉगच दिसतो, पण चर्चापीठावर 'शेवटचा प्रतिसाद: ४ महिन्यांपूर्वी' असं दिसलं की नवा माणूस दारातूनच परत जातो. तीन विभाग म्हणजे तीन ठिकाणी रिकामेपण.

तुम्ही सांगितलेली अडचण वर्डप्रेसच्या प्रतिक्रियांतच बऱ्यापैकी सुटते. प्रतिक्रियांची उतरंड मूळच्या पाच पातळ्यांवरून तीनवर आणा, म्हणजे मोबाइलवर मजकूर उजवीकडे चेपत नाही. झांक्यांचं एकच कायमचं पान करा, दरवर्षी नवा लेख नको. त्या पानाचा दुवा मुख्य यादीत ठेवा. आठवणी एका जागी जमत जातील.

दुसरं, इतरांचं लेखन साठवायला लागलात की जबाबदारी येते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ७९ आपल्याला संरक्षण देतं, पण ते अटींसकट. नियम २०२१ चे आहेत. साइटवर नियमावली हवी, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क हवा, तक्रारीला मुदतीत उत्तर हवं. प्रतिक्रिया आज मंजुरीनंतरच दिसतात, म्हणून हे ओझं हलकं आहे. धागे खुले केल्यावर रात्री अकराला कुणी कुणाच्या खानदानाबद्दल लिहिलं, तर ते काढणार कोण? त्या माणसाचं नाव ठरत नाही तोवर प्लगइन बसवू नका.

जुना_तोफखाना

चर्चापीठ हवं याला माझा पूर्ण पाठिंबा. पण बीबीप्रेस नको, डिस्कोर्स हे चर्चापीठाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर घ्या, वेगळ्या उपडोमेनवर (साइटच्याच नावाखालच्या वेगळ्या पत्त्यावर).

एकच टेबल हा तुम्ही गुण म्हणून सांगितलात, मला तो दोष वाटतो. प्रत्येक प्रतिसाद म्हणजे लेखांच्या टेबलात एक ओळ, आणि मेटाच्या (जोडमाहितीच्या) टेबलात विभाग, धागा, आयपी अशा किमान तीन. एखाद्या लेखाच्या बिघाडामुळे कालचा बॅकअप परत चढवलात, तर आजचे सगळे प्रतिसादही गेले. शिवाय शोध. बीबीप्रेसचा शोध मजकुरात तुकडा जुळतो का एवढंच पाहतो. 'घर' शोधलं तर 'घरात' सापडेल, पण 'पाणी' शोधलं तर 'पाण्याला' सापडत नाही. मराठीत सामान्यरूपं अशी बदलतात की निम्मे धागे हाती लागायचे नाहीत.

डिस्कोर्समध्ये दुव्याचा प्रश्न आपोआप सुटतो. शीर्षक देवनागरीत असलं की दुव्यात नुसतं 'टॉपिक' आणि धाग्याचा क्रमांक येतो. नव्या सदस्यावरची बंधनं, सदस्यांनी लावलेला तक्रारीचा झेंडा, आक्षेपार्ह लेखन आपोआप झाकणं, हे सगळं आत आहे. रात्री अकराच्या प्रश्नाला हेच उत्तर. लॉगिनही एकच ठेवता येतं: वर्डप्रेसमध्ये डिस्कोर्सचं प्लगइन, दोन्हीकडे तीच गुप्त किल्ली, आणि सदस्य वर्डप्रेसमधूनच आत जातो.

खर्च मात्र सांगतो. साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटींच्या सामाईक सर्व्हरवर) डिस्कोर्स चालत नाही. स्वतंत्र सर्व्हर, त्यावर डॉकर हे सॉफ्टवेअर, कमीत कमी १ जीबी रॅम आणि जोडीला स्वॅप (डिस्कवरची राखीव मेमरी), १० जीबी डिस्क. आणि ईमेल नीट जात नसेल तर पहिलं प्रशासकाचं खातं सुरू करतानाही अडचण येते.

शिरोरेखा

तोफखाना, शोधाबद्दल बरोबर बोललात, पण सामान्यरूप ओळखणारा शोध डिस्कोर्समध्येही मराठीसाठी तयार मिळत नाही. तो मुद्दा कुणाच्याच बाजूने धरू नका. मंडळात सर्व्हर सांभाळणारं कुणी नसेल तर माझं मत बीबीप्रेसला.

मला बोलायचंय ते दिसण्याबद्दल. बीबीप्रेस बसवून तसंच सोडलं तर मराठीत ते वाचवत नाही, आणि लोक म्हणतात चर्चापीठ चाललं नाही.

मूळ स्टाइलमध्ये अक्षर १२ पिक्सेल आहे. इंग्रजीला ते कसंबसं चालतं. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, यांना जागाच उरत नाही. मजकूर १७ पिक्सेल, ओळींची उंची १.७, आणि धाग्यांच्या यादीत १५च्या खाली नको. थीमने (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचाने) शीर्षकांना अक्षरांतर दिलेलं असतं, ते शून्य करा. नाहीतर शिरोरेघ तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं लोंबतं. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठीच ठेवा, हिंदी किंवा इंग्रजी नको. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' भाषेच्या खुणेवरून येतात. इंदूरला आपण पाट्या हिंदी वळणाच्या वाचतो, म्हणून कित्येकांना फरक जाणवत नाही. पण मराठीच्या साइटवर मराठीचा ल दिसावा, एवढा आग्रह मी धरणारच.

आता बीबीप्रेसच्या यादीतले रकाने. मूळच्या रुंदी अशा: विभागाचं नाव ५५ टक्के, धागे १०, प्रतिसाद १०, शेवटचं लेखन २२. मोबाइलवर ३२० पिक्सेल मोकळे मिळाले तर १० टक्के म्हणजे ३२ पिक्सेल, आणि त्यात 'प्रतिसाद' हा शब्द मावत नाही. तो मोडतो किंवा शेजारच्यावर चढतो. ६०० पिक्सेलच्या खाली दोन्ही आकड्यांचे रकाने लपवा, नावाला पूर्ण रुंदी द्या, शेवटच्या लेखनाची वेळ त्याच्या खाली छोट्या अक्षरात.

हे सगळं चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या, आपले बदल ठेवायच्या वेगळ्या थीममध्ये. मूळ थीममध्ये लिहिलंत तर पुढच्या अपडेटला पुसलं जाईल. चाइल्ड थीमच्या स्टाइल फाइलच्या डोक्यावर 'टेम्प्लेट' या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव अक्षर न अक्षर तेच हवं. आणि पानाचा साचा: बीबीप्रेस थीममध्ये आधी स्वतःच्या नावाची पीएचपी फाइल शोधतं, नाही मिळाली तर शेवटी पेज, सिंगल, इंडेक्स असं उतरत जातं. म्हणून थीमची पेज फाइल चाइल्ड थीममध्ये 'बीबीप्रेस' या नावाने उतरवा, त्यातून साइडबार, लेखकाची चौकट आणि मोठं चित्र काढून टाका. निम्मं काम तिथेच होतं. ही युक्ती जुन्या पद्धतीच्या थीमची. ट्वेंटी ट्वेंटी-टू पासूनच्या ब्लॉक थीममध्ये पेज फाइलच नसते, तिथे साचे एचटीएमएलचे असतात, त्यामुळे थीम निवडतानाच हे पाहा.

कान्हकाठ

ताई, अक्षराबद्दल सगळं मान्य. पण चर्चापीठाला ब्लॉगचाच पोशाख चढवायचा या कल्पनेलाच माझा विरोध आहे. ब्लॉगचं पान सावकाश वाचायचं असतं. मोठं चित्र, मोकळी जागा, रुंद समास. चर्चापीठावर माणूस एका नजरेत पंधरा धागे चाळतो आणि नवं काय ते शोधतो. १५ धागे, १५ प्रतिसाद हे बीबीप्रेसचं मूळ माप आहे. प्रत्येक ओळीला ब्लॉगसारखी ऐसपैस जागा दिलीत तर मोबाइलच्या पडद्यावर चार धागे दिसतील. डोक्यावरची पट्टी, रंग आणि फाँट तेच ठेवा, बाकी रचना दाट असू द्या.

दुसरी चूक इथे नेहमी होते, म्हणून आधीच सांगतो. लोक प्लगइनमधलं साच्यांचं पूर्ण फोल्डर उचलून चाइल्ड थीममध्ये टाकतात आणि त्यातल्या दोनच फाइली बदलतात. पुढे प्लगइन अपडेट होतं, पण तुमच्या जुन्या प्रती त्याच्या पुढे उभ्या राहतात. फॉर्ममधली एखादी नवी खूण तुमच्या प्रतीत नसते आणि प्रतिसाद पाठवला की नकार येतो. जी फाइल बदलायची तेवढीच थीमच्या 'बीबीप्रेस' फोल्डरमध्ये न्या, आणि तिच्या माथ्यावर तारीख आणि कारण लिहा. रंग-मापं स्टाइलमधूनच.

तसाच नकार कॅशेमुळेही (पानांच्या साठवलेल्या प्रतींमुळेही) येतो. पान कॅशेत अडकलं की फॉर्मची सुरक्षा-खूण शिळी होते. तिचं आयुष्य २४ तासांचंच. चर्चापीठाचा पूर्ण मार्ग कॅशेतून वगळा. तसं केलं नाही तर पाहुण्यांना कालचाच धागा दिसत राहतो आणि नवा प्रतिसाद आलाय हेच कळत नाही.

शिरोरेखा

दाटपणाबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. मंडळाच्या साइटवर येणारे अर्धे वाचक साठीच्या पुढचे. त्यांना पंधरा धागे एका नजरेत नकोत, एक धागा चष्मा न शोधता वाचता यायला हवा. यादीतली ओळ बोटाने दाबता यावी म्हणून ४४ पिक्सेल उंच हवीच. हवं तर पानावर १५ऐवजी १० धागे ठेवा. मात्र फाइलींबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के योग्य.

भाषांतराचंही पाहा. बीबीप्रेसचे शब्द स्वतःच्या पसंतीचे हवे असतील ('टॉपिक'ला धागा, 'रिप्लाय'ला प्रतिसाद, 'फ्रेशनेस'ला शेवटचं लेखन), तर ती फाइल भाषांच्या फोल्डरमध्ये 'बीबीप्रेस' नावाच्या वेगळ्या उपफोल्डरात ठेवा. प्लगइनांच्या नेहमीच्या भाषा-फोल्डरमध्ये ठेवलीत तर आपोआप येणारं अपडेट तिच्यावर चढतं.

जुना_तोफखाना

ठीक आहे, सर्व्हरला माणूस नाही हा मुद्दा खरा आहे. बीबीप्रेसवरून पुढे डिस्कोर्सवर जायला आयात करणारी स्क्रिप्ट आहे, त्यामुळे दार बंद होत नाही. पण ईमेलची व्यवस्था दोन्हीकडे सारखीच लागते. बीबीप्रेस धाग्याच्या सूचना बीसीसीने (एकाच मेलच्या छुप्या प्रतींनी) पाठवतं. होस्टिंगच्या साध्या मेलने गेल्या तर बहुतेक स्पॅममध्ये पडतात, आणि दर तासाची मर्यादा ओलांडली की पासवर्ड बदलण्याचे मेलही अडकतात. मेल पाठवणारी वेगळी एसएमटीपी सेवा जोडा, डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या) घाला, आणि त्यानंतरच नोंदणी उघडा.

सराफा_रात्री

तुम्ही सगळ्यांनी अक्षर, रकाने, मेल सगळं सोडवलंत, आणि ते चांगलंच आहे. माझा प्रश्न तिथेच उभा आहे: 'मॉडरेटर' (लेखनावर लक्ष ठेवणारा) ही भूमिका कुणाला? किमान दोन माणसं, वेगवेगळ्या वेळी जागी असणारी. परदेशात राहणारा एक तरी घ्या, म्हणजे इथल्या रात्री कुणीतरी पाहत राहील. स्पॅमसाठी अकिस्मेट जोडलं तर बीबीप्रेस ते वापरतं, पण भांडण अकिस्मेटला कळत नाही. अमुक एवढे दुवे असलेलं लेखन रोखून धरायचा वर्डप्रेसचा प्रतिक्रियांचा नियम इथेही लागू होतो, तो आकडा एकवर आणा.

आणि विभाग तीन नकोत. एकच.

रामबागकर

विभाग एकच, मान्य. 'झांक्या आणि गेर' एवढाच उघडू, गणेश चतुर्थीच्या १५ दिवस आधी, कारण तेव्हा बोलायला विषय आयता असतो. जुन्या लेखांखालच्या ज्या प्रतिक्रियांत मिलच्या झांक्यांची माहिती आहे, त्या लिहिणाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्याच नावाने धाग्यांत आणू, म्हणजे पहिल्या दिवशी हॉल रिकामा दिसणार नाही. हलवल्यानंतर धाग्यांचे आकडे चुकीचे दिसले तर साधनांमधल्या 'फोरम दुरुस्ती'तून मोजणी पुन्हा करता येते.

दाट की मोकळं, यावर ताई आणि कान्हकाठ दोघांनी आपापली स्टाइल फाइल साइटच्या प्रतीवर लावावी. मंडळातल्या पाच ज्येष्ठांना त्यांच्याच मोबाइलवर दोन्ही दाखवू. मॉडरेटर म्हणून सराफा, दोनांतलं एक नाव तुमचं लिहू का?

सराफा_रात्री

लिहा. रात्री दहा ते एक माझी. दुसरं नाव ठरेपर्यंत नोंदणीचं बटण बंद ठेवा.