बीपीच्या गोळ्यांपैकी ॲम्लोडिपिनवर नाडी चढते, डिल्टियाझेमवर उतरते. गट एकच, मग असं का?

नौपाडा_फार्मसिस्ट
उपवन तलावाला फेरी मारून आलेल्या ज्येष्ठांचं बीपी आणि नाडी आम्ही वहीत नोंदवतो. ॲम्लोडिपिन ५ सुरू झालेल्या काहींची नाडी १०-१२ ने वाढलेली दिसते. डिल्टियाझेमवाल्या एका काकांची ५२. दोन्ही कॅल्शियम चॅनल ब्लॉकरच (पेशीत कॅल्शियम शिरण्याची दारं अडवणारी औषधं) ना?

चेतातंतू
गट एक, पण जोर वेगळ्या ठिकाणी. ॲम्लोडिपिन, निफेडिपिन मुख्यतः रक्तवाहिन्या सैल करतात. दाब उतरला की मानेतल्या कॅरोटिड सायनसमधून आणि महाधमनीच्या कमानीतून मस्तिष्कपुच्छाकडे (मेंदूच्या तळाच्या भागाकडे) जाणारे संदेश घटतात. लगेच हृदयाचा वेग आवरणाऱ्या व्हेगस चेतातंतूचा लगाम ढिला होतो, वेग वाढवणारी अनुकंपी चेतासंस्था जोर धरते आणि नाडी वाढते. दाब जितका झपाट्याने पडेल तितकी ही उसळी मोठी. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची पद्धत याचमुळे मागे पडली. त्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात होण्याचा धोका असतो.

ॲम्लोडिपिन मात्र सावकाश चढतं. रक्तातलं कमाल प्रमाण ६ ते १२ तासांनी, अर्धायुष्य (प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) ३०-५० तास. त्यामुळे १०-१२ ची वाढ मला गोळीपेक्षा फेरीची वाटते. आधी ५ मिनिटं शांत बसवा, मग पूर्ण १ मिनिट मोजा.

नेरूळ_ईसीजी
डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल थेट हृदयातल्या एसए नोडवर (ठोका सुरू करणारा) आणि एव्ही नोडवर (तो खालच्या कप्प्यांकडे पोचवणारा) बसतात. तिथल्या पेशींचा ठोका कॅल्शियम आत शिरल्यावरच उमटतो. दार अडवलं की मेंदूने कितीही घाई केली तरी नोड फार वेग घेत नाही.

याच गटातल्या सिल्निडिपिनची गंमत निराळी. ते अनुकंपी तंतूंच्या टोकाची एन-प्रकारची दारंही अडवतं, नाडी वाढवणारं नॉरॲड्रेनलिन कमी सुटतं, म्हणून नाडी फारशी उसळत नाही.

त्या काकांना दोन गोष्टी विचाराच: सोबत मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल (नाडी मंद करणारे बीटा ब्लॉकर) आहे का, आणि काचबिंदूसाठी टिमोलॉलचे (तेही बीटा ब्लॉकरच) थेंब घालतात का. थेंबही रक्तात उतरतात. बीटा ब्लॉकर आणि डिल्टियाझेम एकत्र आले तर एव्ही ब्लॉक (एव्ही नोडमधून ठोका पुढे जाणं अडणं) होऊ शकतो. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा नाडी ५० च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवून ईसीजी. गोळी मात्र आपण बंद करायला सांगायची नाही.

नौपाडा_फार्मसिस्ट
थेंबांचं कुणालाच विचारलं नव्हतं. वहीत त्याचा रकाना वाढवतोय, आणि नाडी आता फेरीच्या आधी, बसवून.