मदत हवी आहे: रॅलीच्या गाडीचा आवाज घरी कमी करायचाय, काढता-घालता येणारा सायलेन्सर

उघडा_हेडर:
रविवारच्या आत उत्तर हवंय. गाडीला हेडरपासून (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांपासून) सरळ पाइप आहे, सायलेन्सर नाही. घरी सुरू केली की अख्खी गल्ली जागी होते. शेजारच्या काकूंची नुकतीच बायपास झालीय. परवा त्यांचा मुलगा येऊन हात जोडून गेला. भांडला असता तरी चाललं असतं, हात जोडलेले बघवले नाहीत.
सातपूरला एकाकडून १४ इंची ग्लासवूलचा (काचेची लोकर भरलेला) मफलर, म्हणजे छोटा सायलेन्सर, करून घेतला. टोकाला खोचायचा, क्लॅम्प मारायचा, स्पर्धेला निघताना काढून ठेवायचा. उपयोग शून्य. एकामागे एक दोन लावू का? कुठला लावू? सरळ सांगा.

जुनी_जिप्सी:
गाडी कुठली? इंजिन किती सीसी? पाइप मागे निघतो की दाराखालून? बाहेरचा व्यास किती? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

नियमवाचक:
निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. रस्त्यावर आणलीत तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं, दंड १० हजारांपर्यंत जातो. बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली घातलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

उघडा_हेडर:
@नियमवाचक दंड विचारला नव्हता, आणि गाडी ट्रेलरवर जाते.
@जुनी_जिप्सी एस्टीम, १३००. पाइप डाव्या मागच्या चाकापुढे निघतो. बाहेरून ५१ मिमी.

जुनी_जिप्सी:
मग दोन कशाला? ग्लासवूल काढा आणि आतून जाळीची नळी, भोवती स्टीलवूल घट्ट भरलेला २४ इंची करा. माझ्या जिप्सीला ६ वर्षं तोच आहे. खोचायच्या जॉइंटवर जाऊ नका, व्ही-बँड क्लॅम्प (दोन पाइपांच्या कडा आवळणारं कडं) लावा, दोन मिनिटांत निघतो. नाशिकच्या रॅलीत सर्व्हिसला आम्ही हातमोजे घालून गरम असतानाच काढायचो. काय दिवस होते ते! धूळ नाकातोंडात जायची, तरी स्टेजच्या (स्पर्धेच्या रस्त्याच्या) कडेला पहाटेपासून पोरं येऊन बसलेली असायची.

गंगापूररोडवाली:
मूळ प्रश्न राहिला. घरी सुरू करायचीच कशाला? हँडविंच घ्या आणि बंद गाडी ट्रेलरवर ओढा. आम्ही तेच करतो, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही.

उघडा_हेडर:
ट्रेलरवर चढवायचा प्रश्नच नाही. स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा वेगळा कॉम्प्युटर) बसवलाय, कोल्ड स्टार्टचं मॅपिंग चालू आहे, म्हणजे थंड इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते बसवतोय. इंजिन रात्रभर थंड झालेलं लागतं, म्हणजे दिवसाला एकच संधी. सहाला उठून सुरू करतो, दहा-बारा मिनिटं चालवतो, लॅपटॉपवर आकडे बदलतो. आधी १९०० आरपीएम (मिनिटाला फेरे), मग उतरत १२०० ला येते.

सातपूरकर:
हे आधी सांगायचं ना राव! म्हणजे गाडी जागेवरून हलतच नाही.

दिंडोरीचा_द्राक्षवाला:
आमच्या वडिलांनी विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा धूर जमिनीत पुरलेल्या पिंपात सोडला होता. पिंपाला वर एक नळी, भोवती माती. रात्री वस्तीवर झोपलो तरी नुसती धपधप ऐकू यायची. पिंपच करा. जाता जाता, पहाटे फवारणीला ट्रॅक्टरवरचा ब्लोअर चालवतो, त्याच्या पंख्याच्या आवाजाला कुणाकडे काही उपाय आहे का? आमच्याकडेही तक्रारी येतात.

जुनी_जिप्सी:
पिंप म्हणजे कोंडी. इंजिन गुदमरेल आणि मॅप सगळा चुकेल. स्टीलवूलच बरोबर आहे.

ध्वनी_आणि_कंप:
चारही सिलिंडर मिळून एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. १२०० आरपीएमला सेकंदाला ४०, १९०० ला ६३. म्हणजे तुमचा आवाज ४० ते ६३ हर्ट्झचा खर्ज आहे. लोकर, मग काचेची असो की स्टीलची, वरचा तडतडाट खाते. एवढ्या खालच्या सुराला ती जवळपास पारदर्शक असते. जिप्सी स्टेजवर ५-६ हजार आरपीएमला फिरते, तिथे २४ इंची मफलर नक्की चालला असेल. इथे प्रश्न वेगळा आहे.
धागाकर्ते, आवाज कशाने मोजलात?

उघडा_हेडर:
फोनवरच्या ॲपने. मफलर लावल्यावर ८ डेसिबल कमी दाखवतो. पण काकूंच्या खिडकीची काच तशीच थरथरते. मी जाऊन बोट लावून पाहिलं, बोटाला मुंग्या येतात. म्हणून तर म्हटलं उपयोग शून्य.

ध्वनी_आणि_कंप:
तेच. ॲप बहुधा डीबीए दाखवतं. त्या मापात ६३ हर्ट्झचे २६ डेसिबल आधीच वजा होतात, कारण कानाला खर्ज कमी ऐकू येतो. काचेला सगळा लागतो. बोटाचं खरं माना.
दिंडोरीकरांचं पिंप तत्त्वाने बरोबर आहे. पाइपच्या चौपट व्यासाचा डबा म्हणजे १६ पट क्षेत्रफळ. अरुंदातून अचानक रुंदात गेली की लाट मागे फिरते. असे दोन कप्पे, मध्ये नळी.

सातपूरकर:
नवीन बनवू नका. १५-२० केव्हीए जनरेटरचा जुना रेसिडेन्शियल (वस्तीसाठीचा, जास्त आवाज दाबणारा) सायलेन्सर भंगारात बघा. आत कप्पे असतातच. एरवी वजन जास्त म्हणून गाडीला कुणी लावणार नाही, पण तुमची उभीच आहे ना! त्याला चार पाय करा, खाली चाकं, जमिनीवरच ठेवा. गाडी आणि सायलेन्सरमध्ये फ्लेक्झिबल बेलोज (घड्यांची लवचिक नळी) टाका, नाहीतर इंजिनाच्या हलण्याने हेडरच्या वेल्डला तडा जाईल. सगळ्यात खालच्या बाजूला ३ मिमीचं भोक ठेवा. थंड इंजिन पाणी ओकतं, ते आत साचून पत्रा खातं. जिप्सीभाऊंचा व्ही-बँड मात्र बरोबर, तोच लावा.

जुनी_जिप्सी:
आणि ऑक्सिजन सेन्सरचं (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) काय? मफलर लावून केलेला मॅप उघड्या पाइपला कसा चालेल?

सातपूरकर:
आयडलला (गाडी उभी, नुसतं इंजिन चालू) धूर किती असतो? त्या सायलेन्सरला काही वाटणारही नाही. उलट आखूड उघड्या पाइपमधून आयडलला बाहेरची हवा मागे ओढली जाते आणि सेन्सर खोटं लीन (पेट्रोल कमी पडतंय असं) दाखवतो. पाइप लांबला की आकडे जास्त खरे येतील. नंतर एकदा उघड्यावर ताडून बघा.

गंगापूररोडवाली:
गाडी नेमकी कुठे उभी असते? उघड्यावर की आत?

उघडा_हेडर:
रो-हाउसच्या पार्किंगमध्ये. तीन बाजूंना भिंती, पुढे शटर. सध्या आवाज दबावा म्हणून शटर अर्ध्यावर ओढून घेतो.

गंगापूररोडवाली:
ते आजच बंद करा, कृपया. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तेव्हाच सगळ्यात जास्त निघतो. तुमच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा) नसणार. या वायूला वास नसतो. डोकं जड झालं तर झोप पुरी झाली नाही असंच वाटतं. शटर पूर्ण वर, आणि सायलेन्सरचं तोंड शटरच्या बाहेर.

सातपूरकर:
+१. सायलेन्सर नाही मिळाला तरी चालेल, शटर आधी.

उघडा_हेडर:
गेल्या आठवड्यात दोनदा डोकं दुखलं होतं. उन्हाचं असेल म्हटलं. शटर आता वरच राहील.

नियमवाचक:
सहाच्या आधी सुरू करू नका एवढंच सांगायचं होतं. राग मानू नका.

उघडा_हेडर:
रविवारचं सांगतो. अंबडला एकाकडे जुना जनरेटर सायलेन्सर मिळाला, दोघांनी उचलून आणला. बेलोज लावून तोंड रस्त्याकडे काढलं. शटर पूर्ण वर. सातला सुरू केली, बायकोला काकूंकडे बसवलं होतं. तिने खिडकीच्या कठड्यावर पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवलं. १२०० ला पाणी स्थिर, काच गप्प. १९०० ला अजून बारीक वर्तुळं उठतात. काकूंनी विचारलं, आज सुरू नाही का केली?
१९०० चं काय करू?

ध्वनी_आणि_कंप:
सायलेन्सरपुढचा शेवटचा पाइप किती लांब आहे?

उघडा_हेडर:
साधारण दीड मीटर.

ध्वनी_आणि_कंप:
त्या लांबीत तो सूर घुमत असण्याची शक्यता आहे. अर्धा मीटर करून बघा, तोंड मात्र शटरबाहेरच राहू द्या. फुलपात्र तिथेच ठेवा.

दिंडोरीचा_द्राक्षवाला:
माझ्या ब्लोअरचं राहिलं. कुणी सांगेल का?