अनुभव लिहा: गाडी का तापली, कूलंट कुठे गेलं?

इंदूरकरांनो, तापमानाचा काटा चढला की पाणी ओतून पुढे निघायचं, हे थांबायला हवं. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, यंत्रणा बंदिस्त असते. पातळी उतरते आहे म्हणजे ते कुठूनतरी जातंच आहे. तुम्हाला कारण कसं सापडलं ते लिहा. गाडी उभी असताना तापते की घाटात, हे जरूर सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

रामबाग
राजवाड्याच्या गर्दीत काटा चढायचा, बायपासला लागलं की खाली. पळत्या गाडीत रेडिएटरला वारा मिळतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त फॅनवर. एसी लावूनही फॅन फिरेना. फॅनला वीज जोडणारी रिले गेली होती. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) उगाच बदलू नका.

राजेंद्रनगर
माझं नेमकं उलट. गावात ठीक, खंडवा रोडला भेरूघाट चढताना तापायची. बोअरिंगच्या पाण्याने रेडिएटर आतून चोंदला होता. आपल्याकडचं ते पाणी किती जड, किटलीतला क्षारांचा थर बघा! कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला.

पलसीकर कॉलनी
जमिनीवर थेंब नाही, तरी टाकी ‘मिन’च्या (किमान पातळीच्या खुणेच्या) खाली. ऑइलही स्वच्छ, म्हणजे त्यात कूलंट मिसळत नव्हतं. आमच्या मिस्त्रींनी थंड इंजिनवर झाकणाच्या जागी हातपंप बसवून साधारण 1 बार दाब दिला आणि टॉर्च घेऊन वाकून बघत राहिले. दाबाचा काटा हळूहळू उतरत होता. वॉटर पंपाच्या पोटाशी बारीक भोक असतं. त्याच्याखाली गुलाबी पापुद्रा वाळलेला, आणि बघता बघता तिथे थेंब धरला. चालू गाडीत तो तापलेल्या लोखंडावरच सुकून जायचा. सील गेलेलं, पंप बदलला. ही तपासणी मागून घ्याच.

लोकमान्यनगर
दाब टिकत असेल तरी निर्धास्त होऊ नका. आमच्याकडे सकाळी गाडी चालू करताच वरचा होज (रेडिएटरची रबरी नळी) दगडासारखा कडक व्हायचा, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. टाकीवर गॅस तपासायची निळ्या द्रवाची नळी धरली, द्रव पिवळा पडला. म्हणजे सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, गेलं होतं.

सुदामानगर
एक धोक्याची खूण राहिली. मानपूरच्या पुढे काटा चढता चढता एकदम खाली आला. भावाने लगेच हीटर लावून पाहिला, तर थंड हवा! कूलंटच उरलं नसल्याने सेन्सर कोरडा पडला होता. गाडी तिथेच बंद केली. इंजिन पूर्ण निवल्यावरच झाकण उघडलं. खालचा होज क्लिपपाशी चिरला होता.