चर्चा: कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात ‘नवरा नार्सिसिस्ट आहे’ असं लिहू नका

काळा_कोट: रील्स बघून निदान ठरवायचं आणि तेच अर्जात उतरवायचं, हा प्रकार थांबायला हवा. नार्सिसिस्ट म्हणजे स्वतःलाच सर्वश्रेष्ठ समजणारा; या व्यक्तिमत्त्व विकाराच्या निकषांत ९ लक्षणं, त्यांतली किमान ५ हवीत, तीही मानसोपचारतज्ज्ञाने ठरवलेली. नवरा तर त्या तज्ज्ञाच्या दवाखान्याची पायरीही चढत नाही. समोरचा वकील एवढंच विचारतो, “बाई, तुम्ही डॉक्टर का?” कौटुंबिक हिंसाचार कायद्यात (२००५) कलम ३ खाली शाब्दिक, भावनिक नि आर्थिक छळ येतो, तिथे बोट ठेवा. पगाराच्या दिवशी कार्ड काढून घेतलं, रिक्षाच्या चाळीस रुपयांचा हिशोब मागितला, जावेसमोर ‘हिला वेड लागलंय’ म्हणाला. तारीख, वेळ, त्याचेच शब्द, हजर कोण. बास.

मोगरा_७२: अर्जापर्यंत ती पोचली तर ना! चार दिवस अबोला, पाचव्या दिवशी गजरा आणि भेळ, मूळ विषय काढला की ‘मी असं बोललोच नव्हतो’. हे चक्र वर्षानुवर्षं फिरतं आणि बाई स्वतःच्याच आठवणीवर शंका घेत बसते. या वागण्याला नाव मिळालं की किमान ती शंका तरी सुटते. ते नाव कोर्टासाठी नाहीच.

काळा_कोट: कबूल. पण ते तिच्या मनातच राहू दे. भांडणात तोंडातून निसटलं की तोच शब्द तो सासरी मिरवतो, ‘यूट्यूब बघून हीच मला छळते’ म्हणून.

तारा_जोडणी: नोंदी कुठे ठेवणार, ते कोणीच बोलत नाही. त्याने सेट करून दिलेल्या फोनवर तर नकोच. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसतोय का, गूगल खात्याच्या रिकव्हरीला नंबर कोणाचा, लोकेशन कोणाला जातंय, हे बघा. पण लगेच बंद करू नका, त्याला कळतं. बहिणीच्या फोनवर नवा ईमेल काढा, चॅट एक्स्पोर्ट करून तिथे पाठवा. मूळ चॅट पुसू नका, तो फोनही विकू नका. कोर्टात प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र लागतं, मूळ फोन मागितला तर दाखवता यायला हवा.

उंबरठा: एकत्र समुपदेशनाला माझा विरोध. तिथे माणूस लोण्यासारखा असतो आणि ती जे बोलली, ते रात्री घरी तिच्यावरच उलटतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १४मध्ये ‘एकेकट्याने किंवा एकत्र’ अशी सोय आहे. वेगळं बसवा म्हणून आधीच सांगा.

मोगरा_७२: सरसकट विरोध कशाला? काही जण तिसऱ्या माणसासमोर सरळ होतात.

उंबरठा: तासभर होतात. आणि तो ‘दगड व्हा, कोरडं उत्तर द्या’ सल्लाही सगळीकडे चिकटवू नका. वेगळं राहिल्यावर मुलांच्या निरोपांना ‘हो’, ‘नाही’, ‘शनिवारी ५ वाजता’ पुरतं. पण एकाच छताखाली, हात उगारणाऱ्यापुढे तोच थंडपणा आगीत तेल ठरतो. तिथे आधी १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) फिरवा.

काळा_कोट: संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (याच कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज गेला की कायद्याने पहिली तारीख सहसा ३ दिवसांत लागायला हवी. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच वेळ जातो. म्हणून कलम २३चा अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश त्याच अर्जासोबत मागा. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी एकत्र राहत असाल, तर कलम १७चा निवासाचा हक्क सोडू नका.

मोगरा_७२: आणि तेवढे दिवस त्याच घरात काढायचे कसे?