मुदत संपली, भाडेकरू निघत नाही: कुलूप लावायचं की अर्ज करायचा?

विश्रामबागकर (धागा सुरू):
सांगलीत भाड्यानं देण्यासाठी फ्लॅट घेणारे वाढलेत, आणि त्यांच्यात एक सल्लाही फिरतोय: करार संपला तरी माणूस हलत नसेल तर वीज तोडा, तो गावाला गेला की कुलूप बदला. याला माझा ठाम विरोध आहे. मालकी तुमची असली तरी ताबा त्याच्याकडे आहे, आणि तो परत घ्यायची वाट कायद्यात दिलेली आहे.

राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सनं, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता वापराचा परवाना देणाऱ्या करारानं दिलेल्या घराला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २४ लागू होतं. मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्यानं बचावाची परवानगी मागितली नाही, तर तुमचं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरतात. जास्तीच्या मुक्कामाची नुकसानभरपाई लायसन्स फीच्या (करारातल्या भाड्याच्या) दुप्पट दरानं. उलट वीज-पाणी तोडणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे. हातात सरळ वाट असताना गुन्हा कशाला करायचा?

हप्तेवाला:
ताई, कागदावर सगळं सरळच असतं. घर अडकलं म्हणून बँक हप्ता थांबवते का? ३० दिवस समन्स मिळाल्यावर मोजतात, आणि ते घ्यायलाच माणूस दारात सापडत नाही. परवानगी मिळाली की तारखा सुरू. आदेश आला तरी पुढे पुनरीक्षण अर्ज (आदेश वरच्या पातळीवर तपासून घ्यायचा अर्ज) करायला त्याला ९० दिवस. दुप्पट भरपाईचा आकडा आदेशात छान दिसतो, पण नोकरी बदलून गेलेल्या माणसाकडून ती वसूल कोण करणार? कायद्यात सरळ वाट आहे म्हणता, पण त्या काळात हप्ता भरतो तो मालकच.

मिरजेतला भाडेकरू:
आमचीही बाजू ऐका. मी मुदतीनंतर दोन महिने राहिलो, ते फुकट राहायला नाही. रंगाचं कारण काढून डिपॉझिट अडवायचं हे मालकानं आधीच ठरवलं होतं, आणि चावी दिली की माझ्या हातात काहीच उरत नव्हतं. डिपॉझिट चावीसोबत त्याच दिवशी मिळालं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. आणि बायको-मुलं घरात असताना वीज तोडणाऱ्याची बाजू कुणी घेऊ नये.

हप्तेवाला:
डिपॉझिटचं पटलं. पण सगळे तुमच्यासारखे दोन महिन्यांत निघत नाहीत.

गणपती पेठ:
धागाकर्त्या ताईंनी फक्त घरांचं सांगितलं. दुकानाचं काय? कलम २४ राहण्याच्या जागेपुरतं आहे. आमच्या वडिलांनी दिलेला गाळा जुन्या भाडेकरूकडे आहे. त्याच्यावर कलम १६ खाली दावा लावायचा, आम्हाला स्वतःला जागेची खरी गरज आहे हे कोर्टात सिद्ध करायचं. भाडं थकलं तरी आधी नोटीस, मग ९० दिवस थांबा. म्हणून ‘सरळ वाट’ हा शब्द मला मान्य नाही.

विश्रामबागकर:
गाळ्याबद्दल तुमचं खरं आहे, तिथे लढाई लांब आहे. पण गुंतवणूकदारांच्या घरांबाबत मी माघार घेणार नाही. बरेच जण नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर करार करून मोकळे होतात. कलम ५५ प्रमाणे करार नोंदवणं सक्तीचं, जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांच्या कराराला सूट नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं असल्याचं तुम्ही सिद्ध करेपर्यंत.

आणखी एक. माणूस राहत असलेला फ्लॅट ‘तयार भाडं मिळतंय’ म्हणून विकत घेऊ नका. कलम २४ मधल्या घरमालकाच्या व्याख्येत मृत्यूमुळे मालक झालेल्या वारसाचा उल्लेख आहे, खरेदीदाराचा नाही. खरेदीदाराला या कलमाखाली अर्जच करता येत नाही, हा मुद्दा समोरचा वकील पहिला काढेल. आधी विकणाऱ्याला घर रिकामं करायला लावा, मगच खरेदीखत.

हप्तेवाला:
माझा करार नोंदवलेला आहे, म्हणून अर्ज करतोय. पण वर्षभर फुकट राहणाऱ्याच्या दाराला कुलूप लावलं म्हणून मालकालाच आरोपी करायचं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. तारखा वेळेत पडल्या तर कुलपाचा विचार कुणी करणार नाही.