‘बोनापार्ट्‌स रिट्रीट’ ही फिडलची (लोकसंगीतातल्या व्हायोलिनची) धून मूळ कोणाची?

दादरचा विद्यार्थी:
मी गेली नऊ वर्षे दादरला हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन शिकतो आहे. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगराळ भागातील जुन्या फिडलवादकांची ध्वनिमुद्रणे ऐकताना ‘बोनापार्ट्‌स रिट्रीट’ ही धून कानावर पडली आणि मी गोंधळात पडलो. काही वादक ती कूच करणाऱ्या पलटणीच्या चालीने संथ वाजवतात. केंटकीचे विल्यम हॅमिल्टन स्टेप यांचे 1937 मधील वादन मात्र इतके भरधाव आहे की, धून तीच आहे हे ओळखायला मला तीनदा ऐकावे लागले. ही धून रचली कोणी आणि यांतले खरे रूप कोणते? आपल्या बंदिशीच्या शब्दांत ‘सदारंग’सारखी मुद्रा, म्हणजे रचनाकाराचे टोपणनाव, असली, तर निदान रचनाकाराचा माग लागतो. येथे तर शब्दच नाहीत.

गिरगावकर श्रोता:
रचनाकार सापडेल ही आशा सोडावी. नाव नेपोलियनच्या माघारीचे आहे. तो इंग्रजांना नमवील या आशेने आयर्लंडमध्ये त्याच्या नावाची बरीच गाणी आणि धुना रुजल्या, आणि स्थलांतरितांबरोबर या परंपरेतले बरेच काही अमेरिकेत गेले. पण नावावरून धुनेचे वय ठरवू नये, कारण एकाच धुनेला दोन खोऱ्यांत दोन नावे असतात आणि कधी एकाच नावाखाली दोन निराळ्या धुना वाजतात.

स्टेप यांचे रूप आपल्यापर्यंत कसे पोचले, हे मात्र टप्प्याटप्प्याने सांगता येते. लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी 1937 मध्ये केंटकीत हिंडून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ज्या तबकड्या भरल्या, त्यांत हे वादन होते. रूथ क्रॉफर्ड सीगर या संगीतरचनाकार बाईंनी ते स्वरलिपीत उतरवले आणि 1941 मध्ये लोमॅक्स पितापुत्रांच्या ‘अवर सिंगिंग कंट्री’ या संग्रहात ते छापले गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकन संगीतरचनाकार ॲरन कोपलंड यांनी ‘रोडिओ’ या बॅलेतील ‘हो-डाउन’ हा भाग त्याच छापील स्वरांवर उभा केला. लोमॅक्स यांच्या यंत्रासमोर स्टेप यांनी एकदा जे वाजवले, ते अशा रीतीने वाद्यवृंदांच्या कायमच्या संग्रहात गेले, आणि संथ वाजवणारे कितीतरी वादक आपापल्या गावापुरतेच राहिले. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांत बंदिशीचे जे रूप छापले गेले तेच शुद्ध, असे मानणारे आपल्याकडेही भेटतात. कागदावर आलेले रूप टिकते एवढेच खरे. ते अधिक जुने असते, असे नाही.

पार्ल्याची व्हायोलिन शिक्षिका:
वरील उत्तरात वाद्याचा विचार राहिला. ही धून पुष्कळ वादक तारांच्या नेहमीच्या स्वरजुळणीत वाजवतच नाहीत. पाश्चात्त्य स्वरनावांत सांगायचे, तर सर्वांत खालची ‘जी’ स्वराची तार अडीच स्वर उतरवून ‘डी’ करतात आणि सर्वांत वरची ‘ई’ तार एक स्वर उतरवून तीही ‘डी’ करतात. मधल्या दोन तारा तशाच राहतात. डी हा षड्ज धरला, तर खालून वर मंद्र सा, सा, प आणि तार सा अशी मांडणी होते. तंबोऱ्याच्या सुरात वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्याला यात परके वाटावे असे काहीच नाही! गज दोन तारांवर एकदम ओढला की, शेजारची मोकळी तार षड्ज धरून ठेवते, आणि बॅगपाइपच्या अखंड सुराचा भास त्यातूनच होतो. ही स्वरजुळणी स्वरलिपीत चिन्हाने दाखवता येते. त्या सुराचा दाब किती ठेवायचा, हे मात्र वादकाच्या शेजारी बसूनच कळते.

ठाण्याचा संग्राहक:
शेजारी बसून शिकण्याचे नोंदलेले उदाहरण हवे असल्यास हेन्री रीड यांचे पाहावे. व्हर्जिनियातील ग्लेन लिनच्या या वृद्ध वादकाकडे ॲलन जब्बूर हे तरुण अभ्यासक 1966 पासून ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन जात असत. रीड यांनी अनेक धुना लहानपणी क्विन्स डिलियन नावाच्या म्हाताऱ्याकडून उचलल्या होत्या, आणि हा डिलियन सैन्यात बासरी वाजवणारा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जब्बूर यांच्या यंत्रापर्यंत यायला मध्ये एवढी दोनच माणसे लागली. 1968 मध्ये रीड वारले, पण जब्बूर स्वतः त्या धुना वाजवत राहिल्याने त्या देशभर पसरल्या.

दादरचा विद्यार्थी:
आपणा सर्वांचे आभार. ‘खरे रूप’ हा शब्द मी मागे घेतो. काल रात्री बाईंनी सांगितल्याप्रमाणे तारा उतरवल्या. खालची तार सैल पडून खडखडते आणि जलद लयीत तिच्यावर गज घसरतो, त्यामुळे तूर्त संथ रूपच बसवतो आहे. त्या तारेसाठी जाड तार लावावी का, एवढे बाईंनी सांगावे.

पार्ल्याची व्हायोलिन शिक्षिका:
लावू नये. गज घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) थोडा जवळ घ्यावा आणि सावकाश ओढावा.